परवडणारी मोटार : माळव्यातील मध्यमवर्गाच्या इतिहासाचे एक कोरे पान

माळव्यात मराठी माणसे कशी आली, हा इतिहास आपणा सर्वांना ज्ञात आहे. पेशवाईच्या काळात होळकर, शिंदे आणि पवार यांचे अंमल येथे स्थिरावले; त्यांच्यामागून कारकून, फडणीस, वैद्य, पुराणिक आले आणि दोन-अडीचशे वर्षांत या काळ्या मातीशी एकरूप झाले. लढाया, सनदा, वाडे आणि घाट यांवर पुष्कळ लेखन झाले आहे. मात्र संस्थाने विलीन झाल्यानंतर हीच घराणी पगारावर जगणारी मध्यमवर्गीय कुटुंबे झाली. त्यांनी आपले संसार कसे उभे केले, कोणती वस्तू किती वर्षे वाट पाहून आणि कोणता हिशेब करून घरात आणली, याची नोंद फारशी कोणी ठेवलेली नाही. अशा वस्तूंमध्ये मोटारगाडी ही सर्वांत महाग आणि सर्वांत विलंबाने आलेली वस्तू होय.

बेताच्या उत्पन्नाच्या माणसाने परवडणारी आणि भरवशाची गाडी कशी निवडावी, हा प्रश्न वरवर पाहता बाजाराचा वाटतो. परंतु त्याला सामाजिक इतिहासाची मोठी बाजू आहे. बागलीसारख्या ठिकाणाहून त्याकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. गाडीची खरी किंमत दुकानात कधीच ठरली नाही. ती आपल्या रस्त्यावर, आपल्या मिस्त्रीच्या हाती आणि आपल्या मिळकतीत किती वर्षे निभावते, यावर ती स्वस्त की महाग हे ठरत आले.

प्रथम बागलीविषयी थोडेसे. संस्थानकाळात बागली हे चांपावत राठोड घराण्याचे लहानसे ठाकूर संस्थान होते. एका बाजूस देवासच्या पवारांच्या थोरल्या व धाकट्या पाती, तर दुसऱ्या बाजूस कन्नौद-खातेगावचा, होळकर रियासतीचा नेमावर जिल्हा. आज बागली हे देवास जिल्ह्यातील तहसिलीचे गाव आहे. कालीसिंध नदीचा उगम याच परिसरातला. दक्षिणेकडे विंध्याचा उतार सुरू होतो आणि पुंजापुरा, उदयनगर या भागांत जाणाऱ्या वाटा वळणावळणाने डोंगर उतरतात. गावात रेल्वे नाही. इंदूर आणि देवास ही दोन्ही शहरे पन्नास ते सत्तर किलोमीटरच्या टप्प्यात. मोठा दवाखाना, मोठे न्यायालय, महाविद्यालय, रेल्वे, सारे काही तिकडे. तेव्हा वाहनाची गरज येथे हौसेची नव्हती. रात्री-अपरात्री रुग्णाला इंदूरला पोहोचवता येईल की नाही, हा तिच्यामागचा खरा प्रश्न होता.

माळव्याला मोटारीचे पहिले दर्शन घडले ते राजवाड्यांतून. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३५ मध्ये अमेरिकन ड्यूसेनबर्ग गाडीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने खास साज चढवला. ती गाडी आज जगातील दुर्मीळ मोटारींमध्ये गणली जाते. त्यापूर्वी १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांकडे (तिसरे) इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर काही महिने खाजगी सचिव म्हणून राहिले होते. बागा, पाहुण्यांचे निवासस्थान, वीजघर यांच्याबरोबर दरबारच्या मोटारींची देखरेखही त्यांच्याकडे होती. म्हणजे लहानशा संस्थानातही मोटार हे एक स्वतंत्र खातेच होते! त्यासाठी चालक, झाडणारा, दुरुस्त करणारा असा लवाजमा लागे. मध्यमवर्गाने मोटारीकडे बराच काळ भीतीयुक्त आदराने पाहिले, त्याचे एक कारण येथे सापडते. गाडी घेणे एक, आणि ती पोसणे वेगळे, हे त्याने राजवाड्याच्या दारातच पाहिले होते.

स्वातंत्र्यपूर्व काळात मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून परदेशातून आलेल्या भागांची जुळणी करून गाड्या विकत असे. देशी मोटार उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत एक नाव आपल्या अभिमानाचे आहे. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना उभा राहिला. १९५३ मध्ये शासनाने असे धोरण स्वीकारले की, जे कारखाने टप्प्याटप्प्याने संपूर्ण गाडी देशातच बनवतील त्यांनाच मुभा मिळेल. परिणामी केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. पुढील तीस वर्षे सामान्य ग्राहकापुढे प्रामुख्याने तीनच नावे राहिली : अ‍ॅम्बॅसडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड.

या काळात 'गाडी निवडणे' हा शब्दप्रयोगच काहीसा निरर्थक होता. १९५९ च्या नियंत्रण आदेशान्वये मोटारींच्या वाटपावर शासनाचे बंधन आले. नंबर लावायचा, बयाणा भरायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. नव्या गाडीचा नंबर लागेपर्यंत कित्येकांच्या मुलींची लग्ने होऊन जात. वापरलेली फियाट कधीकधी नव्या फियाटच्या किमतीपेक्षा अधिक दामाने विकली जाई, कारण ती आज मिळत असे. वरच्या रकमेला 'ऑन' म्हणण्याची पद्धत तेव्हाच रूढ झाली. शासकीय कर्मचाऱ्याला वाहन अग्रिम मिळत असे; तो पगारातून हप्त्याहप्त्याने कापला जाई आणि रक्कम फिटेपर्यंत गाडी शासनाकडे गहाण राही. अग्रिम मंजूर होऊनही गाडी न मिळाल्याची उदाहरणे शासकीय सेवेत अनेकांनी पाहिली असतील.

तरीही जो काही पर्याय होता, त्यात लोक विचार करीतच. फियाटचे इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचे, गाडी आटोपशीर, पेट्रोल कमी पिणारी. १९७४ पासून ती 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. इंदूर-देवाससारख्या शहरांतील डॉक्टर, वकील व प्राध्यापक तिला पसंती देत. अ‍ॅम्बॅसडर जड, तिचे इंजिन १४८९ घनसेंटीमीटरचे, खर्च अधिक. परंतु खडबडीत रस्त्यावर तिचा धीर मोठा, आणि सहा-सात माणसे सामानासह तिच्यात मावत. स्टँडर्ड हेरल्ड दिसावयास सुबक. पण तिचे सुटे भाग मिळण्याची पंचाईत. बागली, कन्नौद किंवा खातेगाव येथे राहणाऱ्याने या तिन्हींची तुलना करताना पहिला प्रश्न हाच विचारला की, मोडली तर इथे कोण नीट करील?

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे गावचा मिस्त्री. जुन्या गाड्या वारंवार बिघडत, हे खरे. पण त्यांचा बिघाड डोळ्यांना दिसे आणि हातांना कळे. पॉइंट घासणे, प्लग पुसणे, कार्बोरेटर उघडून त्यातील कचरा फुंकून काढणे, तुटलेला भाग लेथवर घडवून घेणे, ही कामे चिंचेच्या झाडाखालीही होत. मालकालाही त्यातले थोडेफार कळावे लागे. अशा रीतीने त्या काळी भरवसा हा गुण कारखान्यातून बनून येत नसे. तो मालक, मिस्त्री आणि लेथवाला यांनी मिळून गावातच निर्माण केलेला असे. घरखर्चाच्या वहीत त्याची नोंद दरमहा पाच-दहा रुपयांनी होई, म्हणून तो बेताच्या मिळकतीला झेपे.

सामान्य माणसासाठी लहान गाडी करावी, ही कल्पना मात्र तेव्हाही होती. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९०८ मध्ये 'मॉडेल टी' आणली आणि पुढे साखळी पद्धतीच्या उत्पादनाने तिची किंमत वर्षानुवर्षे उतरवत नेली. फ्रान्समध्ये १९४८ मध्ये सित्रोएन कंपनीने शेतकऱ्यांसाठी साधी, हलकी 'टू सीव्ही' काढली. आपल्याकडे इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी, मोटारशास्त्राचे कोणतेही शिक्षण नसताना, १९४९ च्या सुमारास 'मीरा' नावाची चिमुकली गाडी तयार केली. स्प्रिंगांऐवजी रबराची योजना करून त्यांनी तिची रचना सोपी ठेवली. पुढे वीस-पंचवीस वर्षे ते तिच्या सुधारित आवृत्त्या करीत राहिले. सत्तरच्या दशकात ती सुमारे बारा हजार रुपयांत देता येईल असा त्यांचा हिशेब होता. कारखान्यात तिचे उत्पादन कधीच सुरू झाले नाही. यंत्रमागांच्या गावातील एका कारागिराने जो प्रश्न ओळखला होता, त्याच प्रश्नावर दिल्लीत १९५९-६० मध्ये ल. क. झा समितीने स्वस्त मोटारीचा विचार केला. १९७० मध्ये संजय गांधी यांना लहान मोटारीचे इरादापत्र मिळाले, मारुती लिमिटेड ही कंपनी निघाली; पण तिच्यातून लोकांच्या हाती गाडी आली नाही आणि १९७८ मध्ये ती अवसायनात गेली.

या तीस वर्षांत मध्यमवर्गाची खरी 'मोटार' स्कूटर हीच होती. पुण्याजवळच्या आकुर्डीत तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठी लोक आठ-दहा वर्षे थांबत. पुढे मूल उभे, मागे पत्नी, तिच्या मांडीवर धाकटे, असा संसार तिच्यावर चाले. ऐंशीच्या दशकात आपल्या धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तेथून कायनेटिक होंडा स्कूटर बाहेर पडू लागली. पण बागलीच्या माणसाला स्कूटरची मर्यादा पक्की ठाऊक होती. आषाढातल्या पावसात काळ्या मातीच्या चिखलातून म्हाताऱ्या आईला इंदूरच्या दवाखान्यात स्कूटरवर नेता येत नाही.

१९८० मध्ये मारुतीचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८२ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ही गाडी ग्राहकांच्या हाती पडू लागली. तिचे इंजिन ७९६ घनसेंटीमीटरचे, तीन सिलिंडरचे. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. त्या सुमारास राज्य शासनात नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याच्या हाती महिन्याला हजार-दीड हजार रुपये पडत. म्हणजे तीन-चार वर्षांचा संपूर्ण पगार! तेव्हा 'जनतेची गाडी' हे वर्णन कागदावरच खरे होते. तिने जे बदलले ते निराळेच. सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू होते आणि इंदूरपर्यंत जाऊन परत येते, हा अनुभव आपल्या पिढीला तिने प्रथम दिला. भरवसा आता विकत मिळू लागला.

बागलीत तिच्याविषयी शंका होत्याच. काड्यापेटीएवढी गाडी, बारा इंची चाके, जमिनीपासून उंची कमी. खड्ड्यांच्या रस्त्यावर तिचे पोट घासणार. जुन्या मिस्त्रीला तिचे तंत्र अपरिचित. इंदूरला नेल्यावाचून तिची नीट दुरुस्ती होणार नाही, ही भीती तर सर्वांत मोठी. म्हणून नव्वदच्या दशकातही अनेक घरांनी पहिली गाडी म्हणून जुनी फियाटच घेतली. शहरातील नातेवाइकांना हा मागासलेपणा वाटे. तो विवेक होता असे माझे मत आहे. कारण त्यांनी गाडीबरोबर मिस्त्रीचाही विचार केला होता. हळूहळू मारुतीचे सुटे भाग लहान गावांत पोहोचले, मिस्त्रींची पुढची पिढी ते काम शिकली, तेव्हा याच घरांनी मारुतीही घेतली.

१९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला. नवी नावे आली, बँका कर्ज देण्यासाठी स्वतःहून दारी येऊ लागल्या. डिसेंबर १९९८ मध्ये पुण्याजवळच्या पिंपरीत घडलेली टाटा इंडिका आली. डिझेलवर चालणारी, पाच माणसांना ऐसपैस जागा देणारी ही गाडी माळव्यात टॅक्सी म्हणूनही फार चालली. त्याहून मोठा बदल रस्त्यांचा होता. २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. २००३ ची मध्य प्रदेश विधानसभेची निवडणूक वीज, रस्ता आणि पाणी या प्रश्नांवर लढली गेली, हे आपणास स्मरतच असेल. त्यानंतर या भागातील रस्ते सुधारत गेले आणि लहान गाडी बागलीत 'भरवशाची' ठरू लागली. गाडी तीच होती. खालची जमीन बदलली होती. दुसरीकडे २००५ मध्ये राज्य परिवहन निगम बंद करण्याचा निर्णय झाला. खाजगी बस आणि पीथमपुरात बनणारी 'तूफान' जीप यांनी ती पोकळी भरली खरी, पण त्यांची वेळ प्रवाशाच्या सोयीने ठरत नाही. हातचे वाहन नसलेल्या वृद्ध दांपत्याची परवड त्यामुळे वाढली.

मग आली नॅनो. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटा यांनी ती दाखवली आणि मार्च २००९ मध्ये ती बाजारात आली. तिची रचना करणाऱ्या अभियंत्यांचे नेतृत्व गिरीश वाघ यांनी केले होते आणि ते काम पुण्यात झाले, ही आपल्याला जवळची वाटणारी गोष्ट. ६२४ घनसेंटीमीटरचे, मागे बसवलेले इंजिन. मूळ किंमत एक लाख रुपये. सहाव्या वेतन आयोगानंतर वर उल्लेखिलेल्या अधिकाऱ्याचा हा जेमतेम चार-पाच महिन्यांचा पगार होता. १९८३ मध्ये जी गोष्ट तीन-चार वर्षांच्या पगाराची होती, ती आता चार-पाच महिन्यांच्या पगारात मिळत होती! किंमत हाच अडसर असता तर घरोघरी नॅनो दिसावयास हवी होती. प्रत्यक्षात २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

तिच्या अपयशाची कारणे अनेक सांगितली जातात : सिंगूरहून साणंदला हलवावा लागलेला कारखाना, आरंभी काही गाड्यांना लागलेल्या आगी, 'सर्वांत स्वस्त' या बिरुदामुळे आलेला कमीपणा. बागलीच्या दृष्टीने मला आणखी एक कारण दिसते. येथील कुटुंबाला गाडी हवी असते ती घाटातून, सामान आणि चार-पाच माणसांसह, सत्तर किलोमीटर जाऊन यायला. त्या कामाला ती अपुरी वाटली. त्याच पैशांत किंवा थोडे अधिक घालून जुनी मारुती ८०० वा अल्टो मिळत होती, जिचा प्रत्येक भाग गावच्या मिस्त्रीला तोंडपाठ झाला होता. आपल्या लोकांनी स्वस्ताईपेक्षा निभावणे निवडले. त्यांच्या वडिलांनी जुनी फियाट निवडताना हेच केले होते.

आज निवड भरपूर आहे आणि गोंधळही तितकाच. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये, अल्टो ८०० चे २०२३ मध्ये थांबले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले प्रदूषणाचे नवे निकष आणि सुरक्षिततेच्या अटी योग्यच आहेत, पण त्यांनी लहान गाड्यांची किंमत वाढवली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला, एवढा दिलासा. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या घराने अशा वेळी कसा हिशेब करावा? एक साधे गणित मांडून पाहू. पाच लाखांची नवी गाडी दहा वर्षे वापरून एक लाखाला विकली, तर वर्षाला चाळीस हजार रुपये पडले. अडीच लाखांची जुनी गाडी पाच वर्षांनी पाऊण लाखाला विकली, तर वर्षाला पस्तीस हजार. किमतीत दुपटीचा दिसणारा फरक वर्षाकाठी पाच हजारांवर आला, आणि जुन्या गाडीच्या दुरुस्तीत तेवढे सहज जातात. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणे आणि लिटरला अठरा किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज धरले, तर पेट्रोल दोन्हींना सारखेच, सुमारे तीनशे तेहतीस लिटर लागेल. मग फरक उरतो तो दोनच गोष्टींचा : एकरकमी किती पैसा अडकतो, आणि दुरुस्तीसाठी किती लांब जावे लागते. गाडी जुनी असो वा नवी, प्रत्येक बारीकसारीक कामासाठी जर तिला इंदूरला न्यावे लागत असेल, तर जाण्या-येण्याचे पेट्रोल आणि वाया जाणारा दिवस हा तिच्या किमतीतच धरला पाहिजे.

आणि महिन्यातून दोनदाच इंदूरला जायचे असेल, तर भाड्याची गाडी अधिक स्वस्त पडते, हेही गणितच सांगते. पण येथे हिशेबाची वही मिटवावी लागते. आज आपल्या अनेक घरांतील मुले पुण्यात, बंगळुरात वा परदेशी आहेत आणि मागे राहिले आहेत सत्तरी ओलांडलेले आई-वडील. त्यांच्या दारातील गाडी बहुधा उभीच असते. तरीही ती असावी लागते. रात्री दोन वाजता शेजारचा एखादा तरुण ती चालवून दवाखान्यापर्यंत नेऊ शकतो, एवढ्यासाठी. अशा गाडीची निवड करताना ती कित्येक आठवडे उभी राहूनही पहिल्या किल्लीला सुरू होईल का, आणि ती चालवायला व दुरुस्त करायला गावात कोणी आहे का, हे दोन प्रश्न रंग, दिमाख आणि नाव यांच्या आधी विचारावेत.

शेवटी एक विनंती. आपल्या कपाटांत जुन्या सनदांच्या प्रती जपलेल्या असतात. त्यांच्याच शेजारी एखादी स्कूटरचा नंबर लावल्याची पावती, फियाटचे नोंदणीपुस्तक, वाहन अग्रिमाचा मंजुरी आदेश, किंवा वडिलांनी पेट्रोल आणि दुरुस्तीचा पैशापैशाने लिहिलेला हिशेब पडून असेल. रद्दीत घालण्यापूर्वी तो एकवार आपल्या मंडळाकडे द्यावा. संस्थाने गेल्यानंतरच्या माळव्यातील मराठी घरांनी आपला संसार कसा चालवला, हे उद्याच्या अभ्यासकाला त्याच कागदांवरून कळणार आहे.